वाचलेले अंक

आम्हां बँकवाल्यांना कागदाचं फारसं कौतुक नसतं. नोट काय, चेक काय, मुदत ठेवीची पावती काय, शेवटी कागदच. ज्याच्यावर जो आकडा असेल तेवढे पैसे मोजून द्यायचे आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारायची, हा आमचा धर्म. बी.कॉम.ला असताना ‘मूल्य आणि किंमत यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न हमखास येई आणि आम्ही पाठ केलेलं उत्तर तितक्याच हमखासपणे लिहून येत असू. पण हा फरक चालता-बोलता समोर उभा राहिला तो परवा-परवा, आणि तोही कॉमिकच्या लिलावाच्या बातमीत.

बातमी अशी. १९३९ साली अमेरिकेत ‘सुपरमॅन’ नावाच्या कॉमिकचा पहिला अंक निघाला. किंमत दहा सेंट. त्याची एक प्रत कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना आईच्या घराच्या माळ्यावर, एका खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. आपल्या पैशांत ऐंशी कोटींच्या घरात. हे पचतं न पचतं तोच जानेवारी २०२६ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या १९३८ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत खासगी सौद्यात दीड कोटी डॉलरला विकली गेली. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो याच अंकातून.

मी ही बातमी शाखेत मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या कॅशिअरनी नोटांचं बंडल मोजता मोजता एवढंच विचारलं, “दर काय पडला?” मी कॅल्क्युलेटर ओढला. दहा सेंटचे शहाऐंशी वर्षांत ९१ लाख २० हजार डॉलर, म्हणजे द.सा.द.शे. जवळजवळ पावणेचोवीस टक्के, चक्रवाढीनं. कॅशिअरांचा अंगठा क्षणभर थांबला. “एवढं व्याज सावकारसुद्धा कागदावर लिहीत नाही,” ते म्हणाले आणि बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

आता एवढं व्याज कुणाला मिळालं, हे पाहू गेलं तर मजा आहे. ज्यांनी सुपरमॅन जन्माला घातला त्यांना तर नाहीच. जेरी सीगल लिहीत असे आणि जो शुस्टर चित्रं काढत असे. दोघंही क्लीव्हलंड शहरातली बिनपैशाची पोरं. १९३८ च्या मार्चमध्ये त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. आधीच्या इतर कामाचे पैसे धरून प्रकाशकानं ४१२ डॉलरचा चेक दिला, आणि त्यावर दोघांचीही नावं चुकीच्या स्पेलिंगनं लिहिली. मग दोघांनी चेकच्या पाठीवर दोन-दोन सह्या केल्या, एकदा चुकीच्या नावानं आणि एकदा बरोबर नावानं. हे वाचलं तेव्हा त्या काउंटरवरच्या अमेरिकन कारकुनाबद्दल मला जो जिव्हाळा वाटला तो शब्दांत सांगता येणार नाही. पुढे दोघांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हलाखीत दिवस काढले, आणि १९७५ साली जनमताची लाज वाटून कंपनीनं त्यांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर पेन्शन बांधून दिली. तो चेक मात्र राहिला. चेक एकदा वटला की त्याची किंमत शून्य, असं मी नव्यानं लागलेल्या मुलांना शिकवत आलो आहे. २०१२ साली तो वटलेला, शिक्के मारलेला चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. हल्ली मी शिकवताना ‘साधारणपणे’ हा शब्द घालतो.

मुळात ‘ॲक्शन’चा तो अंक छापला किती? तर सुमारे दोन लाख. आज उरल्या अंदाजे शंभर प्रती. मग बाकीच्या एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे गेल्या कुठं? या प्रश्नाचं उत्तर ज्याला आई आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेतली आई आणि ईटमधली आई यांच्यात भाषा, वेष, स्वयंपाक सगळ्यांत फरक असेल. पण ‘हा कचरा कधी काढणार?’ हे वाक्य दोघी एकाच सुरात म्हणतात. त्यात दुसरं महायुद्ध आलं. कागद वाचवा, रद्दी द्या, लढाई जिंका, असा धोशा सुरू झाला आणि पोरांनी देशभक्तीच्या भरात गाड्या भरभरून सुपरमॅन रद्दीत घातला. त्यातूनही जे राहिले त्यांच्यामागे १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाचे डॉक्टर लागले. कॉमिक वाचून मुलं गुन्हेगार होतात, असं त्यांनी पुस्तकच लिहिलं. गावोगाव कॉमिकच्या होळ्या त्याआधीपासूनच पेटत होत्या. आता तर पालकांच्या हातात ग्रंथाचा आधार आला.

तेव्हा किंमत आहे ती त्या एका अंकाची नव्हेच. रद्दीत गेलेल्या, जाळलेल्या, शेंगदाण्याच्या पुड्या झालेल्या दोन लाख अंकांचा भाव त्या उरलेल्या शंभरांवर चढलेला आहे. आपल्या मराठीनं ही गोष्ट एका क्रियापदात सांगून ठेवली आहे. जे अंक पोरांनी वाचले ते वाचले नाहीत, आणि जे वाचले ते कुणी वाचलेच नव्हते.

याचा उलटा पुरावाही आहे. जुन्या अंकांचे भाव वाढताहेत हे पुढे सगळ्यांनाच कळलं. भावाचं पुस्तकच १९७० पासून दरवर्षी निघायला लागलं होतं. मग नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मरतो तो अंक निघाला, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून. लोकांनी रांगा लावून लाखांनी घेतला. एकेकानं पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या, पिशवी न फोडता कपाटात ठेवल्या आणि पोरांच्या कॉलेजची सोय झाली असं समजून निवांत झोपले. आईचा हात लागू दिला नाही. परिणाम असा झाला की तो अंक आजही सगळ्यांकडे आहे, कोरा करकरीत आहे, आणि त्याला भाव नाही. पुढच्या चार वर्षांत तो सगळा बाजारच बसला. मार्व्हलसारख्या बड्या कंपनीनं १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. सुपरमॅन तर काही महिन्यांत जिवंत झालाच होता. त्याला कुठं हप्ते भरायचे होते!

सोनेतारण कर्जाला आमच्याकडे सराफ येतो, कसोटीवर घासतो, वजन करतो आणि आकडा सांगतो. अमेरिकेत कॉमिकलाही २००० सालापासून असा सराफ आहे. सी.जी.सी. नावाची कंपनी अंक तपासते, पाठ मोडली आहे का, पिना गंजल्या आहेत का, कोपरा मुडपलाय का हे बघते, दहापैकी गुण देते आणि अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून टाकते. ऐंशी कोटींच्या त्या अंकाला नऊ गुण आहेत. एकेका सुरकुतीचे लाखो डॉलर कापले जातात. आमच्या रिझर्व्ह बँकेचं मन याबाबतीत आभाळाएवढं. पन्नास रुपये आणि वरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा सलग तुकडा आणा, पूर्ण पैसे घेऊन जा. धोतराबरोबर धुतलेली, उंदरानं कोपरा खाल्लेली, सगळी चालते. कारण नोट वापरायचीच असते, हे तिला मान्य आहे.

हे सगळं मी निव्वळ ज्ञानासाठी वाचत होतो. पण त्याच सुमारास ईटहून दादाचा फोन आला.

माझं गाव ईट, तालुका भूम. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. (‘वीट का?’ असं पुण्याचा माणूस हटकून विचारतो. नाही, ईट.) दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. शिकायला बार्शीला होता आणि शनिवारी एस.टी.नं येताना स्टँडवरून इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आणायचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मुंबईहून मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. पहिले बत्तीस अंक नुसता वेताळ. मग जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा देशी बहादूर आला. १९९० ला सगळं बंद पडलं. तिथल्याच अनंत पै यांनी बाहेर पडून १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ काढली, ती गोष्ट घरातल्या मोठ्यांना पसंत होती, कारण तिच्यात कृष्ण होता. वेताळाचं तसं नव्हतं. आमच्या आजीच्या लेखी वेताळ गावकुसाबाहेरच्या शेंदऱ्या दगडात राहत असे, आणि अमावस्येला त्याचं पुस्तक घरात आणणं तिला मुळीच मंजूर नव्हतं. “ह्यो त्यो न्हवं, ह्यो घोड्यावर बसतोय,” असं दादानं तिला समजावलं. “त्यो बी बसतोय,” आजी म्हणाली.

मुंबईच्या संपादकांनी आपल्या वाचकांसाठी मूळ गोष्टीतल्या बेंगालाचं डेंकाली केलं होतं आणि सिंग चाच्यांचं सिंगा. आम्हांला यातलं काही ठाऊक नव्हतं. डेंकालीचं जंगल बालाघाटाच्या डोंगरापलीकडे कुठंतरी आहे, बैलगाडीनं दोन दिवस लागत असतील, असा माझा अंदाज होता.

दादानं पत्र्याच्या ट्रंकेत वाचनालय काढलं. चार आणे भाडं. ज्याच्याकडे चार आणे नसतील त्यानं चिंचा किंवा बोरं द्यावीत. साऱ्या आळीनं ते अंक वाचले, एकाच्या मागून चौघांनी मान घालून वाचले. एका अंकाचं शेवटचं पान कुणीतरी होडी करून ओढ्यात सोडलं. तेव्हापासून त्याचा शेवट दादा तोंडी सांगायचा, आणि गिऱ्हाईक बघून सांगायचा. मला सांगितलेल्या शेवटात चोर भूमच्या बाजारात पकडले गेले होते.

तर फोनवर दादा म्हणाला, “पेपरात वाचलं. ऐंशी कोटी! आपल्या ट्रंकेत साठ-सत्तर अंक हायती की रं. कोटी नगंत. बोअरचं पैसं निघालं तरी बास.” बोअर साडेपाचशे फूट गेलं होतं आणि आत नुसता धुरळा. गाडीवाल्याचे पैसे थकलेले. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती.

घरातला पैशांतला माणूस म्हणून मी रविवारी जाऊन रीतसर पंचनामा केला. एकूण अंक सदुसष्ट. मुखपृष्ठ नसलेले एकोणीस. बहुतेकांवर ‘फाडल्यास दंड १ रु.’ असा बॉलपेननं मजकूर, दादाच्या अक्षरात. एकावर हळदीचा पंजा. डायनाला तीन अंकांत मिशा. कसर लागलेल्या पानांना वहीचा कागद खळीनं चिकटवलेला. दहापैकी गुण द्यायचेच तर सी.जी.सी.ला ऋण चिन्ह वापरावं लागलं असतं.

पुण्याच्या एका संग्राहकांचा पत्ता मिळाला, त्यांना फोटो पाठवले. माणूस सभ्य होता. त्यांनी सांगितलं, आपल्याकडे चांगल्या स्थितीतले सुरुवातीचे अंक हजारांत जातात, कोटीत नाही. घेणारे म्हणजे तेव्हाची पोरं, आता पगारदार झालेली. त्यांना आपलं लहानपण हवं असतं, पण बिनाडागाचं. तुमच्यातले अकरा अंक घेईन, एकवीसशे रुपये देईन. एकवीसशेत बोअर वीस फूटसुद्धा धड जात नाही. मी दादाला आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गाडीवाल्याला मी सांगतो दिवाळीपतूर थांब म्हणून. पर त्या होडीच्या अंकाचं शेवटचं पान त्या मानसाकडं असंल का? येवढं इचार.”

मी विचारलं. अंक होता. पण तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवलाय, म्हणाले. उघडला तर पाठ मोडते, आणि त्यांनी स्वतःही तो घेतल्यापासून उघडलेला नाही.

दादाला हे सांगितल्यावर त्याला त्या माणसाची खरीच दया आली. “मंग राहू दे,” तो म्हणाला. “त्यांला म्हनावं, कधी ईटला आलासा तर शेवट मी सांगतो. चार आणे बी नगंत.”