खेळण्यातील मोटारगाडी : ऊर्जा-रूपांतरणाचा इतिहास
खेळण्यातील मोटारगाडीला गती मिळण्यासाठी कोठेतरी साठविलेल्या ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतरण व्हावे लागते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणामुळे तिची मुख्यत्वे उष्णता होते. यांत्रिक कार्य व उष्णता यांची सममूल्यता जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४३ पासून केलेल्या प्रयोगांनी प्रस्थापित केली [⟶ ऊर्जा].

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे पत्र्याच्या खेळण्यांचे मोठे केंद्र होते. चावीच्या गाडीतील पोलादी पट्टीची कमान गुंडाळली असता मुलाच्या स्नायूंनी केलेले कार्य तीत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठे व कमान उलगडताना दंतचक्रांमार्फत चाकांना मिळे. ‘घर्षण-गाडी’ हे नाव मात्र फसवे आहे. जमिनीवर घासून दिलेली ऊर्जा तीमधील जड प्रचक्राच्या परिभ्रमणात गतिज रूपातच राहते. घर्षण तिचा ऱ्हासच करते.

हा ऱ्हास कमी करण्यातील यश १९६८ मध्ये अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’ गाड्यांमुळे ठळकपणे दिसून आले. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या १९५३ पासून लोकप्रिय होत्या. पण हाताने ढकलल्यावर त्या फार दूर जात नसत. मॅटेलच्या गाडीतही चावी वा विद्युत् चलित्र नव्हते. तारेसारखे बारीक आस व प्लॅस्टिकचे धारवे (बेअरिंग) यांमुळे आसांवरील घर्षण पुष्कळ घटले आणि उतरत्या पट्टीवरून सोडलेली गाडी केवळ उंचीमुळे लाभलेल्या स्थितिज ऊर्जेवर उभे वलय पार करू लागली. घर्षण मुळीच नसते, तर २० सेंमी. व्यासाच्या वलयासाठी त्याच्या तळापासून २५ सेंमी. उंची पुरली असती. प्रत्यक्षात गाडी याहून वरून सोडावी लागते. हा जादा भाग म्हणजे वाटेत होणाऱ्या ऊर्जाव्ययाची भरपाई होय. लेस्नीला १९६९ मध्ये ‘सुपरफास्ट’ ही कमी घर्षणाच्या चाकांची मालिका काढणे भाग पडले. १९८२ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि अखेर १९९७ मध्ये ‘मॅचबॉक्स’ हे नाव मॅटेलकडेच गेले.

मॅटेलनेच १९७० मध्ये ‘सिझलर्स’ या गाड्या काढल्या. त्यांत पुनर्भारित करता येणारा लहान विद्युत् घट बसविलेला असून त्यातील रासायनिक ऊर्जेची प्रथम विद्युत् ऊर्जा व चलित्रात यांत्रिक ऊर्जा होते. त्यामुळे या गाड्यांना उताराची गरज राहिली नाही.