मक्याच्या सहा कणसांचा हिशोब

आज आम्ही तुम्हाला इंडोनेशियातल्या एका गावाची गोष्ट सांगणार आहोत. इंडोनेशिया म्हटलं की हिरवीगार भातखाचरं डोळ्यांपुढे येतात. पण त्या देशाच्या पूर्वेला बेटांची एक रांग आहे, तिथे पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च एवढाच. बाकीचे सात-आठ महिने उन्हाचे. गवत पिवळं पडतं, ओढे आटतात, आणि मका-कंद जेवढे घरात साठवले तेवढ्यावर दिवस काढावे लागतात. हे वर्णन ऐकून आपल्यापैकी पुष्कळ जणींना आपलंच गाव आठवेल.

या रांगेत फ्लोरेस नावाच्या मोठ्या बेटाच्या पूर्वेला लेम्बाटा हे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, लामालेरा हे गाव. वस्ती दोनेक हजारांची. वरची आळी आणि खालची आळी असे दोन भाग. मागे ज्वालामुखीचा चढ, पुढे खोल समुद्र, आणि मध्ये दगड. नांगर धरावा अशी जमीन जवळजवळ नाहीच. मग एवढी माणसं शेकडो वर्षं जगली कशावर?

पुस्तकात उत्तर मिळतं ते देवमाशाचं. लामालेराचे पुरुष लाकडी नावेतून खोल समुद्रात जातात आणि देवमासा मारतात. या नावेला ते 'तेना' म्हणतात. तिच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी आणि दोरांनी जोडलेल्या, लोखंडी खिळा नाही. शीड ताडासारख्या झाडाच्या पानांचं विणलेलं. नावेच्या टोकाला एक माणूस लांब बांबूचा भाला घेऊन उभा राहतो, त्याला 'लामाफा' म्हणतात. देवमासा जवळ आला की तो भाल्यासकट स्वतःच उडी घेतो, म्हणजे अंगाचं सगळं वजन भाल्यामागे पडतं. 1624 सालच्या एका पोर्तुगीज कागदातही या भागातले लोक देवमासा मारतात अशी नोंद आहे. म्हणजे काम किमान चारशे वर्षं जुनं. परदेशातले फोटो काढणारे लोक या उडीसाठी तिथे जातात, आणि गावाचं नाव जगात झालं ते त्या उडीमुळेच.

पण आम्हाला विचाराल तर गाव जगलं ते उडीनंतरच्या कामामुळे. आणि ते काम बायांचं आहे.

मांस किनाऱ्यावर आलं की आधी वाटे पडतात. कुणाला कोणता भाग हे ठरलेलं असतं. भालेवाल्याचा वेगळा, नाव बांधणाऱ्या सुताराचा वेगळा, भाल्याची पाती करणाऱ्या लोहाराचा वेगळा, ज्या भावकीची नाव तिच्या घरांचे वेगळे. जमिनीचे मूळ मालक मानल्या जाणाऱ्या घराण्यांचाही हक्क असतो. घरी आलेला वाटा पुढे पुन्हा फुटतो. ज्या घरातला पुरुष नावेवर नाही, तिथेही नात्यानं, शेजारानं काहीतरी पोचतं. मग मांसाच्या लांब पट्ट्या कापून घरापुढे बांबूच्या मांडवावर वाळत टाकतात. खाली गळणारं तेलसुद्धा भांड्यात धरतात. तेल दिव्याला झालं, विकायला झालं.

आता बघा, नुसतं मांस खाऊन लेकरं जगत नाहीत. धान्य लागतं. ते डोंगरातल्या गावांत पिकतं आणि त्या गावांना समुद्र नाही. मग लामालेराच्या बाया पहाटेच्या अंधारात निघतात. डोक्यावर टोपली, टोपलीत वाळलेलं मांस, सुकवलेली मासळी, मीठ, चुना. चढणीचा रस्ता, कितीतरी तासांची पायपीट. डोंगरातल्या घराघरांत जायचं, माल द्यायचा आणि मका, कंद, केळी घेऊन उन्हातून परत उतरायचं. जाताना ओझं, येताना त्याहून मोठं ओझं.

जवळच वुलांडोनी नावाचं ठिकाण आहे, तिथे शनिवारी आठवडे बाजार भरतो. किनाऱ्यावरच्या बाया आणि डोंगरातल्या बाया आपापला माल मांडून बसतात. बाजाराचा मुकादम आधी प्रत्येकीकडून थोडा थोडा माल बाजारपट्टी म्हणून घेतो. मग शिट्टी वाजते, आणि शिट्टी झाल्याशिवाय देवघेव नाही. बहुतेक देवघेव मालाला माल अशी, पैसा मागे. मोजणी सहाच्या हिशोबानं. सहा कणसं किंवा सहा केळी म्हणजे एक 'मुंगा'. आपण डझन म्हणतो तसं. एका पट्टीला किती मुंगा, हे माशाच्या जातीवर, पट्टीच्या आकारावर आणि हंगामावर ठरतं. हा दर काही सरकारनं ठरवलेला नाही. दोन्हीकडच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या तो सांभाळत आल्या.

यात शहाणपण कुठं आहे सांगू? देवमासा रोज मिळत नाही. एखादं वर्ष भरभरून जातं, एखाद्या वर्षी हाती फार थोडं लागतं. पिकाचंही तसंच. पण समुद्र आणि डोंगर एकदम रुसण्याचं प्रमाण कमी. ओळखीची घरं दोन्हीकडे असली की एक बाजू दुसरीला तारून नेते. आपण बचत गटात पैसा ठेवतो, त्यांनी नाती ठेवली.

बायांवर एक भार असाही आहे. नाव समुद्रात असताना घरात भांडण होता कामा नये, नाहीतर देवमासा हाती लागत नाही किंवा नावेवर संकट येतं, असं तिथं मानतात. म्हणजे शिकार साधली तर श्रेय भालेवाल्याचं, हुकली तर घरातलं काय बिघडलं ते शोधायचं. आपल्याकडेही असं काही कमी नाही. धोका मात्र खरा आहे. 1994 साली काही नावा जखमी देवमाशाच्या मागे ओढल्या जाऊन भरकटल्या. माणसं कित्येक दिवस पाण्यावर होती, शेवटी एका प्रवासी जहाजानं त्यांना उचललं. घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील!

आता त्यांच्या कापडाबद्दल. हा भाग सांगताना आम्हालाही नवल वाटतं. लामालेराच्या बाया कमरेला पट्टा बांधायच्या मागावर कापड विणतात. आपल्याकडे बांधणीत कापड बांधून रंगवतात, त्या आधी सूतच बांधतात. पानांच्या पट्ट्यांनी धागे गाठवायचे, रंगात बुडवायचे, गाठी सोडायच्या, मग विणायचं. नक्षी अशी धाग्यातच उतरते. निळा रंग निळीचा. लाल रंग ज्या झाडाच्या मुळांचा, त्याच्या भाऊबंदाला आपण बारतोंडी किंवा आल म्हणतो, आणि आपल्याकडेही जुन्या काळी त्या मुळांनी लाल कापड रंगवत. एक चांगलं कापड पुरं व्हायला महिनोन्‌महिने जातात.

हे कापड लग्नात लागतं. तिथं हुंडा नाही, देज आहे. नवऱ्याकडचे लोक मुलीकडच्यांना हस्तिदंत देतात. त्या बेटावर हत्ती नाही. हे दात जुन्या काळी व्यापारातून आले आणि आजही घराण्याघराण्यांतून फिरतात. त्या बदल्यात मुलीकडून जातं ते बायांनी विणलेलं कापड. भारी कापड तीन पट्टे जोडून केलेलं असतं. हस्तिदंत नवा येत नाही, कापड मात्र कुणीतरी बसून विणावंच लागतं.

आणि नवलाची गोष्ट ही की त्या कापडावरची काही नक्षी आपल्या गुजरातच्या पटोळ्यावरून आली आहे. मसाल्याच्या व्यापाराच्या काळात व्यापारी, पुढे डच कंपनी, पटोळे तिकडे नेत आणि त्यावर माल घेत. लामालेराच्या काही घराण्यांनी ते पटोळे ठेवा म्हणून जपले. बायांनी ते पाहिले आणि त्यांतले घाट आपल्या मागावर उतरवले. कुणी शिकवायला गेलं नव्हतं. पटोळ्यात उभे-आडवे दोन्ही धागे बांधून रंगवतात, यांनी फक्त उभ्या धाग्यांत तो भास आणला. विणणारीला यातलं कौशल्य सांगायला नको.

बाकीचा इतिहास थोडक्यात. 1886 मध्ये गावात पहिले बाप्तिस्मे झाले, 1920 पासून ख्रिस्ती पाद्री तिथे राहू लागले. गाव कॅथलिक झालं. शिकारीचा मुख्य हंगाम आता मे महिन्यात चर्चमधल्या प्रार्थनेनं सुरू होतो. शाळा लवकर आल्यामुळे गावातून शिक्षक, पाद्री, विद्वान निघाले. इंडोनेशियातले नावाजलेले भाषातज्ज्ञ गोरिस केराफ इथलेच. शिकलेली मुलं शहरात गेली, हे ओघानं आलंच. 1999 साली लेम्बाटाचा वेगळा जिल्हा झाला.

अलीकडचा प्रश्न अवघड आहे. देवमासे जगात कमी झाले, ते मुख्यतः मोठ्या देशांच्या यांत्रिक जहाजांनी मारल्यामुळे. लामालेराच्या शीडवाल्या नावांमुळे नव्हे. तरीही समुद्र राखायला हवा, यात दुमत नाही. 2009 मध्ये त्या समुद्रात मोठं राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा गावानं विरोध केला आणि आपलं पाणी बाहेर ठेवून घेतलं. 2014 साली इंडोनेशिया सरकारनं मोठ्या पाखट माशांना पूर्ण संरक्षण दिलं. ज्या वर्षी देवमासा मिळत नाही, त्या वर्षी बायांच्या टोपलीत याच पाखटाच्या पट्ट्या असायच्या. समुद्र राखण्याची चर्चा होते ती भाल्याची. टोपली रिकामी गेली तर डोंगरातून मका कशावर आणायचा, हे पहाटे डोंगर चढणारीला आधी विचारायला हवं होतं असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडेही धान्यावर मडकी, बांगड्या, सुकट मिळायची. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. तुमच्या गावात पायलीभर ज्वारीला काय काय मिळत होतं, कुठल्या गावची बाई काय घेऊन यायची, मोजमाप कसं होतं, हे गटातल्या वयस्कर बायांना विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागांत ते वाचून दाखवू.