काळोखांतील विमान आणि सह्याद्रीचे डोंगर



आम्हां सोलापूरकरांस डोंगराची ओळख तशी बेताचीच. चोहोंकडे माळ, ज्वारीचीं शेतें आणि क्षितिजापर्यंत मोकळें आकाश. परंतु येथून मुंबईकडे जाणाऱ्या विमानास सह्याद्रि ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. दिवसा जो डोंगर डोळ्यांस सुखवितो, तोच काळोखांत वैमानिकाचा काळ कसा ठरतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विमानांतील उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून उंची दाखवितें. उतरण्याच्या वेळीं सामान्यतः ती समुद्रसपाटीपासूनची असते, पायांखालच्या जमिनीपासूनची नव्हे. सोलापूर सुमारें १५०० फूट उंचीवर वसलें आहे. येथें कांटा २००० फूट दाखवीत असेल, तर विमान जमिनीपासून केवळ ५०० फुटांवर आहे. दिवसा ही वजाबाकी डोळेच करतात. रात्रीं ती नकाशानें व हिशेबानें करावी लागते. आणि त्या हिशेबास आपण नेमके कोठें आहों, हें आधीं ठाऊक असावें लागतें.

तें ठाऊक नसलें म्हणजे काय होतें, तें १९६२ सालीं दिसून आलें. जुलैची ७ तारीख नुकतीच लागली होती. मध्यरात्र उलटून दहा मिनिटें झालीं होतीं. अलितालिया या इटालियन कंपनीचें जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होतें. मुंबई जवळ आली अशा समजुतीनें वैमानिक खालीं उतरूं लागले. प्रत्यक्षांत मुंबई अद्याप सुमारें ८४ किलोमीटर दूर होती. ज्या मुलखांत शिवनेरी उभा आहे, त्या जुन्नरनजीकच्या एका डोंगरावर, सुमारें ३६०० फूट उंचीवर, तें विमान आदळलें. ८५ उतारू व ९ कर्मचारी, अशा ९४ जणांपैकीं एकही वांचला नाहीं.

चौकशींत आढळलें, कीं यंत्र बिघडल्यानें हें घडलें नव्हतें. स्थान पडताळण्याचीं साधनें उपलब्ध असतां त्यांचा उपयोग झाला नाहीं. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली गेली. आणि मार्गांतील प्रदेशाचा वैमानिकांस परिचय नव्हता.

तत्पूर्वीं १२ जुलै १९४९ रोजीं डच के.एल.एम. कंपनीचें विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मृत्युमुखीं पडले होते. वेळ सकाळची होती आणि टेकडी कांहीं कळसूबाई नव्हे. परंतु पावसाळी हवेनें डोळ्यांचा उपयोग हिरावून घेतला होता. मोठ्या विमानांची ही कथा, तर लहान विमानाची काय सांगावी? तेथें बहुधा एकच वैमानिक. हांकणें, नकाशा पाहणें, रेडिओवर बोलणें, सारें त्यानेंच करावयाचें. गांवाचे दिवे मागें पडले कीं डोंगर व आकाश एकाच काळ्या रंगाचे होतात. डोंगरावर दिवा नसतो. पलीकडचे दिवे अकस्मात् दिसेनासे झाले, तर मध्यें डोंगर आला हें ओळखून तत्काळ वर चढावें लागतें.

१ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत व्हर्जिनियांतील एका डोंगरावर विमान आदळून ९२ जण दगावले. त्यानंतर तेथें मोठ्या प्रवासी विमानांस जमिनीची पूर्वसूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें. आरंभींचें यंत्र केवळ सरळ खालची जमीन मापी. त्यामुळें समोर ताठ कडा असेल तर इशारा उशिरा मिळे. १९९० नंतरच्या दशकांत यंत्रांतच भूप्रदेशाचा नकाशा आला आणि पुढचा डोंगर आधीं कळूं लागला.

आपल्या गांवींही उंचीचा प्रश्न येऊन गेला. विमानतळानजीकची सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंच चिमणी, दीर्घकाळच्या वादानंतर, १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आली. ती योग्य कीं अयोग्य, या वादांत मी शिरत नाहीं. परंतु चिमणी पाडतां येते, सह्याद्रि पाडतां येत नाहीं. त्याच्यावरून जाणाऱ्यानें आपलें स्थान निश्चित कळेपर्यंत उंचावरच राहिलें पाहिजे. नकाशावर छापलेला किमान उंचीचा तो लहानसा आंकडा जुन्नरला पाळला गेला असता, तर तीं ९४ माणसें मुंबईस उतरलीं असतीं.