महारोहिणी झडपेच्या जन्मजात विकृती व हृद्‌रोहिण्या

हृदयाच्या डाव्या निलयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या मुखाशी अर्धचंद्राकृती दलांची एक झडप असते. दले सामान्यतः तीन असतात. प्रत्येक दलामागे रोहिणीची भित्ती फुगीर असते. या फुगवट्यांना आंतोन्यो मारीया व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) या इटालियन शारीरविज्ञांच्या नावावरून व्हालसाल्व्हा कोटरे म्हणतात. हृदयस्नायूला रक्त पुरविणाऱ्या, करोनरी या नावाने परिचित असलेल्या उजव्या व डाव्या हृद्‌रोहिण्या यांपैकी दोन कोटरांतून निघतात. तिसऱ्यातून कोणतीही रोहिणी निघत नाही. झडप व हृद्‌रोहिण्या यांचे हे सान्निध्य शारीरविज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते. तथापि झडप जन्मतः विकृत असल्यास रोहिण्यांची मांडणीही बदललेली असू शकते, ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाली.

जन्मजात विकृतींपैकी द्विदली झडप सर्वांत अधिक आढळते. शंभर व्यक्तींपैकी एकदोघांत ती असते व पुरुषांत तिचे प्रमाण अधिक असते. एकदली व चतुर्दली झडपा दुर्मिळ आहेत. चतुर्दली झडपेतील जादा दल क्वचित हृद्‌रोहिणीच्या मुखावर येऊन ते झाकून टाकते.

द्विदली झडपेचे सर्वांत जुने चित्र लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांचे समजले जाते. परंतु त्यांचे कागद शतकानुशतके अप्रकाशित राहिल्याने वैद्यकाला त्यांचा उपयोग झाला नाही. अशी झडप रोगप्रवण असते, हे जेम्स पॅजेट (१८१४–९९) यांनी १८४४ मध्ये नमूद केले. टॉमस पीकॉक (१८१२–८२) यांनी १८५८ मध्ये तिची दले जाड व कठीण होण्याच्या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले, तर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १८८६ मध्ये जंतुजन्य हृदंतःस्तरशोथाशी तिचा संबंध दाखविला. यानंतर मात्र विषय मागे पडला. संधिवाती ज्वर हे झडपांच्या विकारांचे प्रमुख कारण असल्याने चुन्याचे थर साचून अरुंद झालेली झडपही त्याच्याच खाती मांडली जाई. दले एकमेकांस चिकटून दगडासारखी झाल्यावर ती मुळात दोन होती की तीन, हे सांगणे कठीणच असते. विल्यम रॉबर्ट्स यांनी १९७० मध्ये ८५ शवपरीक्षांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर जन्मजात कारणाला योग्य ते महत्त्व मिळू लागले. १९७४ मध्ये मूळचे भारतीय असलेले नवीन नंदा व त्यांचे सहकारी यांनी प्रतिध्वनिलेखनाने ही झडप जिवंत व्यक्तीत ओळखण्याची पद्धत वर्णिली.

हृद्‌रोहिण्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स (१९१८–८५) महारोहिणीचे क्ष-किरण चित्रण करीत असता कॅथेटरचे टोक अनपेक्षितपणे उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले व रंजकद्रव्य थेट तिच्यात गेले. रुग्ण बचावला आणि हृद्‌रोहिणीचित्रणाचा जन्म झाला. पुढे झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी असे चित्रण होऊ लागल्यामुळे झडप व रोहिण्या एकाच रुग्णात शेजारी-शेजारी पाहता आल्या. हिगिन्झ व वेक्सलर यांनी १९७५ मध्ये दाखविले की, द्विदली झडपेच्या रुग्णांत ‘वामप्राबल्य’ नेहमीपेक्षा बरेच अधिक असते. हृदयाच्या मागील खाचेतून उतरणारी शाखा बहुसंख्य माणसांत उजव्या हृद्‌रोहिणीपासून निघते. ती डावीच्या परिवेष्टी शाखेपासून निघाली म्हणजे वामप्राबल्य आहे असे म्हणतात. १९७८ मधील अभ्यासांनी यास दुजोरा दिला. शिवाय डाव्या हृद्‌रोहिणीचे मूळ खोड अशा रुग्णांत आखूड असल्याचेही आढळले. लेरर व एडवर्ड्‌स यांनी १९८१ मध्ये अशा १०० हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली.

ही माहिती केवळ शारीरविज्ञांच्या कुतूहलाची नव्हती. १९६० मध्ये ड्वाइट हार्केन यांनी कृत्रिम झडप महारोहिणीच्या मुखाशीच बसविली. त्या काळी शस्त्रक्रिया चालू असता हृद्‌रोहिण्यांच्या मुखांत नळ्या घालून स्नायूला रक्त पुरवीत. खोड आखूड असेल तर नळी दुभाजनाच्या पलीकडे जाऊन एकाच शाखेत शिरते आणि दुसऱ्या शाखेवर अवलंबून असलेला स्नायू उपाशी राहतो. वामप्राबल्य असताना ही वंचित शाखा परिवेष्टी असली, तर हानीचे क्षेत्र फारच मोठे होते. झडप उत्तम बसूनही हृदय पुन्हा नीट चालू न होण्याचे हे एक कारण होते. १९६७ मध्ये डॉनल्ड रॉस यांनी रुग्णाचीच फुप्फुसरोहिणी झडप महारोहिणीच्या जागी बसविली. १९६८ मध्ये ह्यू बेंटॉल व अँटनी डी बोनो यांनी महारोहिणीचे मूळच बदलून हृद्‌रोहिण्या कृत्रिम नळीला जोडल्या. पुढे रॉस पद्धतीतही संपूर्ण मूळ बदलले जाऊ लागल्यावर हृद्‌रोहिण्या सोडवून पुन्हा जोडाव्या लागल्या. अशा वेळी त्यांची मुखे समोरासमोर आहेत की जवळ, कोटरात आहेत की त्याच्या वर, हे आधी ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

दोन्ही विकृती बरोबर का येतात याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. हृद्‌रोहिण्या महारोहिणीतून कोंबासारख्या फुटतात, अशी जुनी समजूत होती. १९९० च्या सुमारास पक्ष्यांच्या गर्भांवरील संशोधनाने ती मोडली. वाहिन्यांचे जाळे बाहेरून वाढत येऊन महारोहिणीच्या भित्तीत शिरते, असे दिसून आले. म्हणजे झडपेची दले जेथे घडत असतात, त्या मुळाशीच या वाहिन्यांना आपली जागा शोधावी लागते. नॉच-१ या जनुकातील उत्परिवर्तनाचा द्विदली झडपेशी असलेला संबंध २००५ मध्ये काही कुटुंबांत आढळला. बहुसंख्य रुग्णांत मात्र असा दोष सापडत नाही.

रोहिण्यांची मांडणी सामान्य असली, तरी विकृत झडपेचा परिणाम त्यांच्या कार्यावर होतो. डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः हृदय शिथिल असताना मिळते. झडप अरुंद झाली की निलयाचा स्नायू जाड होतो व त्याची गरज वाढते. उलट आतील दाबामुळे पुरवठा घटतो. झडप गळकी असल्यास शिथिलनकाळातील महारोहिणीचा दाबच उतरतो. म्हणून अशा रुग्णास हृद्‌रोहिण्या निर्दोष असूनही हृदयशूल होऊ शकतो.

आलँ क्रिब्ये यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआन येथे छाती न उघडता, कॅथेटरद्वारे महारोहिणी झडप बसविली. या पद्धतीत जुनी दले कापून न काढता बाजूला दाबली जातात. ती लांब असून हृद्‌रोहिणीचे मुख खालच्या पातळीवर असेल, तर ते बंद होण्याचा धोका असतो. म्हणून मुखाची उंची संगणकीय छेदचित्रणाने आधी मोजतात. द्विदली झडपेचे लंबगोल मुख व तिच्यावरील चुन्याचे विषम थर यांमुळे नवी झडप नीट न बसण्याची भीती असल्याने, या पद्धतीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून द्विदली झडपेचे रुग्ण वगळण्यात आले होते.