मधमाशीच्या नाचाची वंशावळ

लुप्त झालेल्या प्राण्याचीं हाडें खडकांत सांपडतात आणि त्यांवरून त्याच्या देहाचा व आहाराचा तर्क करतां येतो. परंतु त्याची वागणूक खडकांत क्वचितच उमटून राहते. मग देहाप्रमाणें वागणुकीसहि वंशपरंपरा असते, तीहि पिढ्यान् पिढ्या बदलत येते, हें सिद्ध कसें करावें ?

याचा मार्ग चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविला. केसाळ भुंग्याचीं ओबडधोबड घरें, मेक्सिकोंतील मेलिपोना माशीचीं त्यांहून नीटस घरें आणि मधमाशीचें षट्कोनी पोळें हीं त्यानें शेजारीं शेजारीं मांडलीं. जिवंत नातलगांची तुलना केली, म्हणजे नाहींशा झालेल्या पायऱ्यांचा अंदाज येतो, हा त्याचा आशय.

वागणुकीच्या अभ्यासांत या मार्गाचें उत्तम फळ मधमाशीच्या नाचांत मिळालें. कार्ल फॉन फ्रिश यांनीं खाद्य सांपडलेली माशी पोळ्यावर परतून नाचते, हें बारकाईनें पाहिलें होतें. गोल नाच मधुरसाचा आणि पोट हालवीत केलेला नाच परागाचा, असा अर्थ त्यांनीं लावला. तो चुकीचा होता.

१९४१ सालीं नाझी राजवटीनें आजीच्या ज्यू कुळाचें निमित्त काढून त्यांस प्राध्यापकपदावरून दूर करण्याचें ठरविलें. परंतु त्याच सुमारास रोगानें मोहोळेंच्या मोहोळें मरूं लागलीं, फळबागांची चिंता पडली, आणि या माणसाची गरज भासून तो निर्णय युद्धसमाप्तीपर्यंत लांबणीवर पडला. माश्यांनींच जणूं आपल्या अभ्यासकास वांचविलें !

१९४४ सालीं ऑस्ट्रियांतील ब्रुनविंकल येथें त्यांनीं साखरपाण्याची बशी दूर नेली, तों तें पिऊन आलेल्या माश्याहि पोट हालवूं लागल्या. भेद खाद्याचा नव्हता, अंतराचा होता ! वीस वर्षें मांडलेलें मत त्यांनीं स्वतःच खोडून टाकलें. लवकरच दिशेचाहि उलगडा झाला. काळोख्या पोळ्याच्या उभ्या पृष्ठावर सरळ वर धांवणें म्हणजे ‘सूर्याच्या दिशेस’. उभ्या रेषेशीं जितका कोन, तितकाच कोन बाहेर सूर्याशीं.

परंतु सूर्य दिसत नाहीं तेथें ‘वर’ म्हणजे ‘सूर्य’ हा संकेत आला कोठून ? यूरोपांत मधमाशीची एकच जात. तुलना करावयाची ती कोणाशीं? म्हणून फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर सिंहलद्वीपांत गेले. महाराष्ट्रांत फुलोरी, आग्या व सातेरी या नांवांनीं परिचित असलेल्या तिन्ही जाती तेथें होत्या. त्यांचीं निरीक्षणें १९५६ सालीं प्रसिद्ध झालीं. चिमुकली फुलोरी उघड्या फांदीवरील पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि खाद्य जिकडे, तिकडेच सरळ धांवते. आग्या उघड्यावरच, पण उभ्या पोळ्यावर नाचते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलींत, अंधारांत नाचते. प्रथम बोट दाखविणें, मग तेंच उभ्या पृष्ठावर उतरविणें, आणि शेवटीं सूर्यावांचूनहि तो संकेत पाळणें, अशा पायऱ्या लिंडाउअर यांनीं अनुमानिल्या.

अर्थात् फुलोरी ही सातेरीची आजी नव्हे. दोघी एकाच पूर्वजाच्या लेकी. परंतु त्या वंशवृक्षांत फुलोरीची शाखा आधीं फुटली, याला जनुकांच्या तुलनेनेंहि पुढें दुजोरा मिळाला.

१९७३ सालीं फ्रिश, कोनराड लोरेंझ व निकोलास टिनबर्गेन यांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. एखादें वर्तन कोणत्या कारणानें घडतें, आयुष्यांत कसें घडत जातें, त्याचा उपयोग काय आणि त्याचा पूर्वेतिहास काय, हे चार प्रश्न टिनबर्गेन यांनीं १९६३ सालीं निरनिराळे मांडले होते. त्यांपैकीं दुसरा अजून जागा आहे. वडील माश्यांचा नाच कधींच न पाहिलेल्या तरुण माश्याहि नाचतात खऱ्या, परंतु अधिक चुकतात, असें २०२३ सालीं दिसून आलें. नाच वंशानें मिळतो. नेमकेपणासाठीं मात्र माशीलाहि वडिलांची शिकवणी लागते.