आरोग्यशिक्षण : आज्ञेकडून संवादाकडे

मुंबईतील वांद्र्यासारख्या जुन्या गावठाणांतून हिंडताना गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांपैकी कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत उभारले गेले. मरणाच्या छायेत दिवस कंठणाऱ्या कुटुंबांनी ईश्वराला घातलेली ती साद होती. आजही त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात, माळेची प्रार्थना होते. पण त्या साथीने मागे ठेवलेला आणखी एक धडा आहे व तो आपण फारसा वाचलेला नाही. लोकांना विश्वासात न घेता त्यांच्यावर आरोग्य लादू पाहिले तर काय घडते, हा तो धडा होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे आणि आपल्याच कॅथलिक समाजातील. धोबीतलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. रोग ओळखला गेला. पण पुढे जे घडले त्याला आरोग्यशिक्षण म्हणता येणार नाही. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. माणसे तेथे उपचारासाठी नव्हे, तर मारण्यासाठी नेली जातात, अशी वदंता पसरली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अफाट अधिकार आले. घरांची झडती, रुग्णांची सक्तीने पाठवणी, कुटुंबियांची छावण्यांत रवानगी, आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी असे सत्र सुरू झाले. पुण्यात गोरे सैनिक थेट माजघरात आणि देवघरात शिरले. लोकक्षोभ एवढा वाढला की २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

अधिकाऱ्यांचा हेतू रोग आटोक्यात आणण्याचाच होता, हे मान्य करावे लागेल. पण त्यांचे ज्ञानही तेव्हा अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. तथापि तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे घरे धुणारे आणि सामान जाळणारे लोक खऱ्या कारणाविषयी रयतेइतकेच अंधारात होते. फरक एवढाच, की रयतेला आपले अज्ञान ठाऊक होते. सत्तेला ते ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी काही वेगळी माणसेही दिसतात. लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना दिली. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतःच प्लेगला बळी पडल्या. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत निरनिराळ्या जमातींना स्वतःची रुग्णालये काढू दिली, तेव्हा लोकांची भीती थोडी ओसरली. कारण तेथे उशाशी आपले माणूस होते. विश्वास हुकमाने निर्माण होत नाही. तो सोबतीने निर्माण होतो.

हे लिहिताना आम्हाला आमचीच एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ धर्मग्रामात पावसाळ्यात हगवणीची साथ आली. रविवारच्या मिस्सेत आम्ही प्रवचनातच सांगितले, की पाणी उकळून प्या. न उकळणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळणे. मिस्सा संपल्यावर एक माउली थांबली व अदबीने म्हणाली, ‘‘फादर, भात शिजवायला सरपण पुरत नाही. पाणी कशावर उकळू?’’ आम्हाला उत्तर देता आले नाही. तिला पाणी उकळण्याचे महत्त्व कळत नव्हते असे नाही; तिची चूल आम्हाला कळत नव्हती. वेदीवरून आम्ही रँडसाहेबांची भाषा बोललो होतो, एवढेच.

मग आरोग्यशिक्षण द्यावे तरी कसे? याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील दुष्काळी मुलखाने जगाला दिले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. त्याआधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले होते, की जे रोगी बरे होऊन घरी जातात, तेच त्या रोगांसह पुन्हा परततात. रोगाचे मूळ गावात होते आणि औषध मात्र शहरवजा इमारतीत होते.

जामखेडला त्यांनी प्रथम लोकांना विचारले, की तुमची गरज काय? उत्तर आले ते औषधांचे नव्हे, पाण्याचे आणि अन्नाचे. १९७२ च्या दुष्काळाने त्या उत्तराला धार दिली. म्हणून कूपनलिका खोदणे आणि मुलांना शिजवलेले अन्न देणे ही कामे हाती घेतली गेली. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले, त्यामुळे पाण्यासाठी सवर्णांची पावले तिकडे वळली. जातीच्या भिंतीवर व्याख्यान न देता तिला तडा देण्याचा हा मार्ग होता.

प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठवण्याचा पहिला प्रयत्न फारसा साधला नाही. त्या परक्या होत्या. त्यांना गाव मानवेना आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रिया बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित, काही परित्यक्ता व विधवा होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, गावात काय पाहिले ते सांगत, आणि त्यातूनच शिकत. अतिसार झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी द्यावे, बाळंतपणात स्वच्छता राखावी, गरोदर स्त्रीने पोटभर जेवावे, कुष्ठरोग्याला वाळीत टाकू नये, या साध्या गोष्टी त्या घरोघर नेत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. दोन दशकांनंतर ही संख्या तिसाच्या आत आली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या यशात अंगठा उठवणाऱ्या अनेक हातांचा वाटा होता.

त्या हातांपैकी एक मुक्ताबाई पोळ. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलताना त्यांनी सभागृहातील झुंबराकडे बोट दाखवले. असे झुंबर सुंदर खरे, पण महाग आणि गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. आपण मात्र साध्या दिव्यासारख्या आहोत, एका दिव्याने दुसरा लावता येतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. पास्काच्या रात्री एका मेणबत्तीवरून सारे मंदिर उजळताना पाहणाऱ्या आपल्यासारख्या भाविकांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जामखेडची ही हकिकत जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या एका ग्रंथात समाविष्ट केली. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी आठ अंगे सांगितली, त्यांत पहिला मान आरोग्यशिक्षणाला दिला, आणि आपल्या आरोग्याच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य मानले. तत्त्वे अवघड नाहीत. आरंभ लोकांच्या गरजेपासून करावा. शिकवणारा त्यांच्यातलाच असावा. ज्ञान दडवू नये, वाटावे. आणि ज्याला समाजाने शेवटी बसवले, त्याला आधी बोलू द्यावे. अवघड आहे ते आचरण.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या. गावच्याच स्त्रीने गावचे आरोग्य सांभाळावे, ही कल्पना अशी सरकारमान्य झाली. पण मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि कित्येक ठिकाणी समजुतीआधी काठी पोहोचली. त्याच दिवसांत या आशाताई दारोदार फिरत होत्या. दोन्ही परंपरा आपल्यात अजून जिवंत आहेत, हे विसरून चालणार नाही.

धर्मग्रामात आपण आरोग्य शिबिरे भरवतो. डॉक्टर येतात, व्याख्यान देतात, गोळ्या वाटल्या जातात आणि आभारप्रदर्शन होते. हे वाईट नाही. पण एवढ्याने भागत नाही. प्रभू येशूने आंधळ्या बार्तीमयाला बरे करण्याआधी विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? त्याचे आंधळेपण प्रभूला दिसत नव्हते काय? तरीही त्याने विचारले. आमच्या त्या माउलीला आम्ही हा प्रश्न विचारायला हवा होता. पुढे वस्तीतल्या बायकांबरोबर बसलो, तेव्हा विहिरीचा कठडा बांधणे आणि पाण्यात औषध टाकणे हा मार्ग त्यांनीच सुचवला. कठडा त्यांच्या श्रमदानातून उभा राहिला. आम्ही त्या दिवशी फक्त सिमेंटच्या दोन गोणी आणल्या आणि ऐकत बसलो.