किडनी काढल्यानंतरचा हिशेब

लघवीतून रक्त गेले, दुखले काहीच नाही आणि दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ झाली, की माणूस निर्धास्त होतो. मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीचा आणि मूत्रवाहिनीचा कर्करोग अशा निर्धास्तपणाचाच फायदा घेतो. मूत्रमार्गाच्या अस्तरात होणाऱ्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम 5 ते 10 टक्के. बाकीचे बहुतेक मूत्राशयाचे. पण इथली भिंत पातळ असते, त्यामुळे निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ आत घुसलेली असते.

या विषयात नव्याने येणाऱ्या तरुण सर्जनचे मनापासून स्वागत, आणि एक सूचना. ‘किडनी काढली’ हा शस्त्रक्रियेचा निकाल नव्हे. मूत्रपिंडाबरोबर पूर्ण मूत्रवाहिनी काढावी लागते, आणि ती मूत्राशयात जिथे उघडते तिथला भिंतीचा भागही. हा शेवटचा भाग ओटीपोटात खोलवर असतो. दमलेला हात तिथेच घाई करतो. मागे राहिलेल्या टोकात रोग पुन्हा उगवतो. म्हणून ऑपरेशनची नोंद हाती आली की मी आधी तेवढ्याच ओळी वाचतो.

सगळे नीट काढले तरी पुढे अनेकांच्या मूत्राशयात नवी गाठ येतेच. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात मायटोमायसिन या औषधाचा एक डोस सोडला तर हे प्रमाण कमी होते. रोग आत शिरलेला असेल, तर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पाउट’ या ब्रिटिश चाचणीने दिशा दाखवली: शस्त्रक्रियेनंतर केमो घेतलेल्यांपैकी 71 टक्के रुग्ण तीन वर्षांनी रोगमुक्त होते, केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत 46 टक्के. मेख अशी की एक किडनी गेल्यावर क्रिएटिनिन वाढते आणि केमोतले सिस्प्लॅटिन हे औषध अनेकांना देताच येत नाही. ही गोष्ट टेबलावर घेण्याआधीच ध्यानात घ्यायची असते. गाठ एकच, लहान आणि मंद असेल, तर लेझरने ती जाळून किडनी वाचवण्याचा विचार आधी व्हावा.

कारणेही विचारावीत. तंबाखू तर आहेच. डोंबिवली एमआयडीसीत रंग-रसायनांत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे नेमके काम विचारा. सापसंदसारख्या ॲरिस्टोलोकिया कुळातल्या मुळ्यांचा काढा घेतला का, हेही विचारा. त्यातले आम्ल कर्करोगकारक म्हणून सिद्ध आहे.

1941 पासून परळचे टाटा रुग्णालय ठाणे-कल्याणकरांचा आधार आहे. पण शस्त्रक्रियेनंतर दर काही महिन्यांनी मूत्राशयाच्या दुर्बीण तपासणीसाठी म्हाताऱ्या माणसाने लोकलची गर्दी सोसत जायचे, म्हणजे एखादी फेरी चुकणारच, आणि परतलेला रोग त्यातच निसटतो. 2023 मध्ये ठाण्यातच, बाळकुमला, शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले. तिथे काम करणाऱ्यांना एकच विनंती: मूत्राशयाचा तुकडा निघाला की नाही, शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे क्रिएटिनिन आणि प्रत्येक दुर्बीण तपासणीची तारीख, एवढे पहिल्या रुग्णापासून लिहून ठेवा.